वाजणारा मफलर

तिला संस्थेत सगळे फौजदारीण म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. माकडांसाठी फळं आली की पेटी उघडण्याआधी ती पेटीचा वास घ्यायची. द्राक्षांचा घड उजेडात धरायची, एक द्राक्ष स्वतः खायची, जरा थांबायची, आणि मग आणणाऱ्याकडे असं बघायची की त्या बिचाऱ्याला आपण खरंच काहीतरी केलंय असं वाटावं. पिंजऱ्याची कडी दुसऱ्या कुणी लावली असली तर ती पुन्हा ओढून बघायची. भिंतीवरच्या घड्याळावरही तिचा भरवसा नव्हता. हातातलं आणि भिंतीवरचं अशी दोन्ही बघून ती मधली वेळ खरी धरायची.

संस्थेत म्हाताऱ्या माकडांच्या मेंदूची चित्रं काढत. मेंदूतल्या पेशींवर रिसेप्टर म्हणून बारीक बारीक जागा असतात. मेंदूतली रसायनं तिथे येऊन बसतात तेव्हा कुठे पेशीला निरोप कळतो. वय झालं की या जागा कमी होत जातात. किती आणि कुठे, हे कवटी न उघडता बघायचं म्हणून एक किरणोत्सारी औषध अगदी थोडंसं शिरेत सोडायचं. ते मेंदूत जातं, नेमकं त्या जागांवर बसतं आणि तिथून किरण सोडत राहतं. डोक्याभोवतालचं गोल यंत्र ते किरण टिपतं, आणि पडद्यावर रंगीत मेंदू उमटतो. लाल-पिवळं दिसलं तर जागा भरपूर, निळं दिसलं तर उतार लागलेला.

यातलं शास्त्र मोठ्या बाईंचं. त्या संस्थेच्या प्रमुख होत्या. फौजदारीणबाईच्या वाट्याला माकडं होती. तिनं त्यांना पिंजऱ्याच्या जाळीला लावलेल्या बाहीतून हात पुढे करायला शिकवलं होतं. सुई टोचेपर्यंत ती एका हातानं द्राक्षं देई आणि दुसऱ्या हातानं त्यांचा पंजा धरून ठेवी. डॉक्टरांनी दिलेल्या गुंगीनं डोळे मिटेपर्यंत पंजा सोडायचा नाही, आणि जाग येईल तेव्हा परत धरायचा, हा तिचा नेम. सगळ्यात म्हातारी माकडीण होती तिचं नाव तिनं आत्याबाई ठेवलं होतं. लग्नघरात न विचारता चुका काढणाऱ्या बायका जशा बघतात, तशी ती भुवयांखालून सगळ्यांकडे बघायची. दोघींचं छान जमायचं. दोघींचाही कुणावर विश्वास नव्हता.

अशा या घडी बसलेल्या कारभारात नवा केमिस्ट आला. तळमजल्यावर ते किरणोत्सारी औषध तयार व्हायचं. तयार झालं की शिशाच्या डब्यात घालून ते झपाट्यानं वर आणावं लागे, कारण दोन तासांत ते निम्मं विरून जातं. पुढच्या दोन तासांत उरलेल्याचं निम्मं. आधीचा केमिस्ट डबा घेऊन मुकाट्यानं यायचा. हा शीळ घालत यायचा. तिनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव शिटीवाला ठेवलं आणि पहिल्याच दिवशी ठरवलं, की हा माणूस काही धड नाही.

“इतकं जोखमीचं सामान हातात, आणि हा गाणी म्हणतोय,” ती धुलाईखान्यातल्या मैत्रिणीला म्हणाली. ही मैत्रीण संस्थेतले झगे आणि चादरी धुवायची, आणि फौजदारीणबाईचे सगळे संशय आधी तिच्या कानावर जात.

“शीळ ऐकून माणसं बाजूला होतात गं. बरंच आहे की.”

“असेल. पण मला पाणी मुरताना दिसतंय.”

एकदा तिला डब्याचं झाकण तिरपं बसलेलं दिसलं. एकदा तो हातमोजे न काढता दाराची मूठ फिरवताना दिसला. आणि एके सकाळी तर तिनं त्याला बिल्ल्यांच्या खुंट्यांपाशी उभं पाहिलं. किरणांशी काम असणाऱ्या प्रत्येकाला छातीवर एक बिल्ला लावावा लागे. अंगावर किती किरण पडले ते तो आत साठवून ठेवी. महिनाअखेर सगळे बिल्ले तपासायला जात आणि नवे येत. घरी जाताना बिल्ला खुंटीला अडकवून जायचा, असा कडक नियम होता. शिटीवाल्याच्या हातात तेव्हा दोन बिल्ले होते.

“माझा मागे सरकला होता,” तो हसून म्हणाला. “तुमचा पुढे आला होता, म्हणून काढला.”

तिनं मान डोलावली. मनात मात्र चक्र फिरायला लागलं. हा निष्काळजी माणूस. याच्या बिल्ल्यावर आकडा चढणारच. तो लपवायचा तर काय करेल? दुसऱ्याशी अदलाबदल करेल. झालं. त्या दिवसापासून तिनं बिल्ला खुंटीला लावणं सोडलं. स्वेटरच्या आतल्या बाजूला टोचून ती तो घरी न्यायला लागली आणि सकाळी परत आणायला लागली. घरी स्वेटर बाहेरच्या खोलीत, कोचाच्या वर भिंतीतल्या खुंटीला टांगलेला असे. घरात कोण अदलाबदल करणार?

घरात नवरा होता. शिलाई मशिनं दुरुस्त करायचं त्याचं छोटं दुकान होतं. तेलाचा वास, खिशात स्क्रू, बोलणं मोजकं. इतक्या वर्षांत तिला त्याच्यावर संशय घ्यायला नीटसं काही सापडलं नव्हतं, आणि या गोष्टीची तिला अधूनमधून रुखरुखही वाटायची.

ती उणीव आता भरून निघाली. गेले काही महिने तो बारीक होत चालला होता. पट्ट्याला नवं भोक पाडलं होतं. चहाचा कप धरताना हात थरथरायचा. चिडचिड करायचा, घाम पुसायचा, आणि बायकोनं बघितलं की नजर चुकवायचा. मग एके दिवशी दुकानातून उशिरा आला आणि म्हणाला, “मला सर्दी झालीय. तुला लागायला नको. मी बाहेर कोचावर झोपतो.”

“शिंक तर एक ऐकली नाही मी.”

“येईल,” तो म्हणाला आणि मफलर गळ्याभोवती गुंडाळून कोचावर आडवा झाला.

शिंक काही आली नाही, पण तो कोचावरच राहिला. स्वतःचं ताट स्वतः घासायला लागला. लग्न झाल्यापासून ज्यानं पाण्याचा पेला उचलून ठेवला नव्हता, तो माणूस ताट घासतोय! कपडे वेगळे ठेवायला लागला. ती शेजारी बसली की काहीतरी आठवल्यासारखं करून उठायचा. रविवारी मुलगी छोट्या नातीला घेऊन आली. नात दोन्ही हात पसरून धावली, तर हा चक्क मागे सरकला. म्हणाला, “नको, नको, तिला तिकडे घे.” पोरीचा चेहरा पडला. मुलगी जाताना दारात आईला म्हणाली, “बाबांचं काय बिनसलंय? माझ्यावर रागावलेत का?”

“तुझ्यावर नाही,” फौजदारीणबाई म्हणाली. कुणावर, ते तिनं अजून ठरवलं नव्हतं. पण बारीक झालेला, अंग राखून वागणारा, वेगळा झोपणारा नवरा म्हणजे काय, हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ लागत नाही. दुकानात मशीन दुरुस्तीला घेऊन येणाऱ्या सगळ्या बायका तिनं एकेक करून डोळ्यांपुढे आणल्या.

हे असं चाललेलं असताना कामावर बिल्लेवाल्या साहेबांचं बोलावणं आलं. किरणांपासून सुरक्षिततेची जबाबदारी त्यांच्यावर होती. हळू बोलणारे गृहस्थ, टेबलावर एकही कागद वाकडा नसायचा.

“बसा. घाबरू नका,” ते म्हणाले, आणि त्यामुळेच ती खुर्चीच्या कडेलाच टेकली. “तुमच्या बिल्ल्यावरचा आकडा मर्यादेच्या आत आहे. पण तुमच्या नेहमीच्या आकड्याच्या कितीतरी पट आहे. बाकी कुणाचाच वाढलेला नाही. खोलीतल्या यंत्रांनीही काही जास्त दाखवलेलं नाही. मग एकट्या तुमच्यावर हे आलं कुठून?”

ती एक क्षणही थांबली नाही. “त्या शिटीवाल्याला विचारा. खुंट्यांपाशी दोन बिल्ले हातात घेऊन उभा होता. या डोळ्यांनी पाहिलंय मी.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “हा आरोप फार मोठा आहे.”

“मग आकडाही मोठाच आहे ना?”

“बिल्ला तुम्ही कधी घरी नेला होता का?”

आता खरं सांगावं, तर नियम मोडल्याचं खापर तिच्यावर फुटणार आणि तो शिटीवाला सुटणार. “नाही,” ती म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. त्या नजरेचा अर्थ तिला चांगला कळला. तसं बघण्याचं काम तर ती स्वतःच आयुष्यभर करत आली होती. या माणसाला वाटत होतं की तिनंच केमिस्टला अडकवायला बिल्ला मुद्दाम कुठेतरी ठेवला.

चौकशी लागली. ती पूर्ण होईपर्यंत तिनं यंत्राच्या खोलीत जायचं नाही, आणि केमिस्टनं एकट्यानं औषध वर आणायचं नाही, असं ठरलं. जेवणाच्या खोलीत ती आली की बोलणं थांबायचं. शिटीवाला तिच्यासमोरून जाताना शीळ घालत नसे, आणि ती शांतता तिला शिळेपेक्षा जास्त खटकायची. बघा, घाबरला, असं ती स्वतःला सांगायची.

तिच्या गैरहजेरीत आत्याबाईंचं चित्र काढायचं ठरलं. पिंजऱ्यावर दुसरा एक माणूस गेला, चांगला समजूतदार. आत्याबाईंनी त्याच्याकडे भुवयांखालून पाहिलं आणि हात मागे घेऊन त्यावर बसून राहिल्या. त्यानं द्राक्षं दिली, ती खाल्ली. हात काही आला नाही. जबरदस्ती करायची नाही हा मोठ्या बाईंचा दंडक होता. खाली तयार झालेलं औषध डब्यात वाट बघत बघत विरून गेलं. सकाळपासून खपून तयार केलेलं काम होतं ते, आणि ते शिटीवाल्यानं केलेलं होतं. फौजदारीणबाईनं त्याला जिन्यात बसलेलं पाहिलं, रिकामा डबा मांडीवर घेऊन. तिला बरं वाटायला हवं होतं. पण फळांच्या खोलीत परत येताना तिला काही बरं वाटलं नाही.

त्या शनिवारी नवरा दुकानात असताना तिनं घराची झडती घेतली. झडतीच, दुसरा शब्द नाही. कपाट, गादीखाली, कोटाचे खिसे. शेवटी न्हाणीघराच्या माळ्यावर, जुन्या बादलीमागे, एक पिशवी सापडली, गाठ मारून ठेवलेली. आत उशीचे अभ्रे, काही रुमाल आणि तो मफलर. न धुतलेले.

 न धुता, गाठ मारून, माळ्यावर! तिनं मफलर नाकाला लावला. अत्तर नाही, पावडर नाही. घाम आणि मशीनचं तेल. तिनं खिडकीत नेऊन एकेक धागा पाहिला. लांब केस नाही. इतकी काळजी घेतली म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, असा तिनं निकाल लावला. कापडावरचे डाग वाचण्यात धुलाईखान्यातल्या मैत्रिणीचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं मफलर पर्समध्ये कोंबला.

सोमवारी सकाळी संस्थेच्या आतल्या दारातून ती शिरली आणि दार किंचाळलं.

त्या दारात किरण ओळखणारं यंत्र बसवलेलं होतं. बाहेर जाताना कुणाच्या बुटाला काही लागलं असेल तर ते क्वचित वाजे. आत येताना ते वाजल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. ती मागे झाली, पुन्हा पुढे झाली, ते पुन्हा किंचाळलं. आणि नेमका त्याच वेळी समोरून शिटीवाला आला.

“हलू नका,” तो म्हणाला. त्यानं भिंतीवर टांगलेलं हातात धरायचं यंत्र काढलं आणि तिच्या बुटांवरून, हातांवरून, खांद्यांवरून फिरवलं. यंत्र हळूहळू टिकटिकत होतं. पर्सपाशी आलं तसं ते वेड्यासारखं कडकडायला लागलं.

“पर्समध्ये काय आहे?”

“खासगी आहे.”

“बाई, ते खासगी राहिलं नाही आता. सगळ्या मजल्याला ऐकू येतंय.”

तिनं मफलर काढला. त्यानं तो चिमट्यात धरून पिशवीत घातला. ती ताठ उभी होती. डोक्यात एकच विचार, की आता हा म्हणणार मी इथून काहीतरी चोरून नेलं. किंवा यानंच माझ्या पर्समध्ये… पण मफलर तर घरचा होता.

“हे आमचं नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“आमचं औषध एका दिवसात विरतं. शनिवार-रविवार इथे काहीच बनलेलं नाही. तरी हे अजून जिवंत आहे.” त्याच्या आवाजात राग नव्हता, कुतूहल होतं. “या मोजयंत्रात ठेवून बघू या?”

मोजयंत्रानं किरणांची जात सांगितली. शिटीवाल्यानं पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मग आवाज खाली आणून म्हणाला, “आयोडीन आहे. आम्ही इथे ते वापरतच नाही. निम्मं व्हायला याला आठवडाभर लागतो. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी जास्त काम करायला लागली की इस्पितळात देतात, औषध म्हणून. घामातून, थुंकीतून थोडं बाहेर येतं. मफलर कुणाचा आहे?”

 तिला सगळं एकदम दिसलं: थरथरणारा कप, पट्ट्याचं भोक, घाम. एकट्यानं घासलेलं ताट. मागे सरकलेला आजोबा. कोच, कोचावर झोपलेला माणूस, आणि त्याच्या उशाच्या वर खुंटीला टांगलेला स्वेटर, आत बिल्ल्यासकट.

“बिल्ला मी घरी नेत होते,” ती म्हणाली.

“का?”

“तुम्ही बदलाल म्हणून.”

शिटीवाल्यानं यंत्र बंद केलं. “हे साहेबांना तुम्ही सांगणार, की मी सांगू?”

“मीच सांगते.”

तिनं सांगितलंही. उभ्याउभ्या, एका दमात. साहेबांनी ऐकून घेतलं आणि नियमभंगाबद्दल लेखी ताकीद मिळेल म्हणून सांगितलं. मग विचारलं, “तुमच्या यजमानांची तब्येत कशी आहे?”  ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून थेट दुकानात गेली.

नवरा एका मशीनच्या पोटात डोकं घालून बसला होता. तिला बघून त्यानं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

“तुमचा मफलर वाजला,” ती म्हणाली.

त्याला आधी कळेना. मग कळलं. तो हसेल असं तिला क्षणभर वाटलं, पण तो हसला नाही.

“केव्हा घेतलंत?”

“सर्दी झाली त्या दिवशी. एक गोळी दिली. शिशाच्या डब्यात होती. देणारी बाई डबा पुढे सरकवून लांब जाऊन उभी राहिली. मी गिळली. मग म्हणाले, घरच्यांपासून थोडे दिवस लांब राहा, लहान मुलांना जवळ घेऊ नका, घामाचे कपडे किरण विरेपर्यंत बाजूला ठेवा.”

“आणि मला सांगावंसं नाही वाटलं?”

“तू डॉक्टरला फाडून खाल्लं असतंस.”

“खाल्लं असतं!” तिचा आवाज चढला. बाहेरून जाणारी एक बाई थांबून आत डोकावली. तिनं दार लोटून घेतलं. “मला वाटलं, बाहेर कुणी आहे तुमचं.”

“माझं?” त्याला इतकं खरं आश्चर्य वाटलं की तिला त्यावर संशय घेता येईना. तो हात पुसत म्हणाला, “हात थरथरायला लागले ना, सुईत दोरा जाईना, तेव्हा आधी मला वाटलं डोक्यातच काहीतरी झालंय. तू जेवताना सांगायचीस, त्या आत्याबाईचा मेंदू निळा निळा होत चाललाय म्हणून. मी म्हटलं, हिला कळलं तर ही उद्यापासून माझ्याकडे तसंच बघेल. किती लाल उरलं, किती निळं झालं. घरात बसून ते बघवलं नसतं मला. मग कळलं की गळ्याचं आहे, बरं होणारं आहे. पण तोवर लपवायची सवय लागून गेली होती.”

ती खुर्चीत बसली. दुकानात मशिनं ओळीनं उभी होती, काहींवर अर्धवट शिवलेली कापडं तशीच अडकलेली. 

“मी रोज एका माकडिणीचा हात धरून बसते,” ती म्हणाली. “सुई टोचताना तिला एकटं वाटू नये म्हणून. आणि तुम्ही तिथे एकटे बसलात.”

“खुर्ची बरी होती,” तो म्हणाला. त्याला अशा वेळी दुसरं काही सुचत नसे.

पुढे चौकशी मिटली आणि ती यंत्राच्या खोलीत परत गेली. आत्याबाईंनी तिला बघून तोंड फिरवलं, द्राक्षं संपेपर्यंत रुसल्या, आणि मग बाहीतून हात पुढे केला. शिटीवाल्याची तिनं माफी मागितली ती फळांच्या खोलीच्या दारात, हातात सुरी असताना. त्यामुळे ती माफी जरा धमकीसारखी वाटली. तो म्हणाला, “ठीक आहे.” पण ठीक झालं नाही. तो तिच्याशी कामापुरतं बोलायचा, आणि तिनं ते कबूल करून टाकलं. चूक तिची होती, विसरायची की नाही ते त्याचं त्यानं ठरवायचं होतं. बिल्ला ती खुंटीला लावून जायला लागली. निघताना दोनदा वळून बघायची, ते मात्र सुटलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी दुकानातून दोघं बरोबर घरी आली. चालताना ती त्याच्या अगदी शेजारून चालत होती. आता लांब राहायचे दिवस संपलेत, हे त्यानं तिला तीनदा सांगितलं होतं आणि तिनं तीनदा विचारलं होतं. घरी आल्यावर चहा झाला, आणि ती कोचावर त्याच्यासमोर बसली.

“आणखी काय लपवलंय?”

“काही नाही.”

“विचार करून सांगा.”

त्यानं खरोखरच विचार केला. “एक दाढ काढली. गेल्या वर्षी.”

“कुठली?”

“मागची. डावीकडची.”

“दुखत होती?”

“फार.”

तिनं उठून दिवा जवळ ओढला. “आ करा,” ती म्हणाली. त्यानं निमूटपणे आ केला. तिनं त्याची हनुवटी धरली, मान दिव्याकडे वळवली, आणि डोळे बारीक करून आत बघायला लागली.